छंदगटाच्या चर्चेसाठी सॉफ्टवेअर कसं निवडावं: शोधापासून स्थलांतरापर्यंत

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर पक्षी बघणाऱ्यांचे, घोडबंदर रोडवरच्या गच्च्यांत भाज्या लावणाऱ्यांचे, वाशी-नेरुळमध्ये जुनी नाणी जमवणाऱ्यांचे कितीतरी गट आज व्हॉट्सॲपवर चालतात. गट लहान असेपर्यंत तेवढं पुरतं. पण "हा कोणता तुतवार?" हा प्रश्न दर हिवाळ्यात नव्यानं येतो. गटातला जाणकार दर वेळी तेवढ्याच आपुलकीनं पायांचा रंग, भुवईची पट्टी, शेपटीची हालचाल समजावून सांगतो आणि दोन दिवसांत ते उत्तर शंभर संदेशांखाली जातं. पुढच्या वर्षी नवा सदस्य आला की त्याला ते कुणी दाखवूही शकत नाही. अशा गटाला स्वतःची, शोधता येणारी जागा हवी, असं माझं ठाम मत आहे.

सॉफ्टवेअर निवडायला बसलं की लोक आधी रूप बघतात, मग किंमत. मी क्रम उलटा धरायला सांगेन. आधी बघायचं, की आपण लिहिलेलं सगळं उद्या बाहेर काढता येईल का. मग बघायचं, की मराठीत लिहिलेलं मराठीतून शोधल्यावर सापडतं का. या दोन्हींत जे नापास होईल ते कितीही देखणं असलं तरी बाजूला ठेवायचं. पुढे उदाहरणं पक्षीगटाची घेतली आहेत, कारण तो गट मला जवळून माहीत आहे. बागकाम, सायकल, नाणी, रेडिओ, कशालाही हीच रीत लागू पडते.

आधी एका महिन्याचे संदेश वाचा

सॉफ्टवेअरची नावं शोधण्याआधी गटातला एक पूर्ण महिना निवडा. पक्षीगट असेल तर जानेवारी घ्या. तेव्हा स्थलांतरित पक्षी खाडीवर असतात आणि बोलणंही भरभरून होतं. दोघातिघांनी मिळून त्या महिन्याचे संदेश वाचायचे आणि प्रत्येक संदेश कशाचा आहे ते टिपायचं. "ऐरोलीला आज भरती किती वाजता?" ही आजपुरती माहिती. "कोलशेतच्या बाजूला दिसलेला हा शेकाट्याच ना?" हा ओळख पटवण्याचा प्रश्न. नेरुळच्या डीपीएस तलावावर आज काय काय दिसलं, ही नोंद. बाकी शुभेच्छा आणि गप्पा.

आजपुरतं बोलणं आणि गप्पा व्हॉट्सॲपवरच राहू द्या. भरतीची वेळ विचारायला कुणी लॉगिन करणार नाही, करायला लावूही नये. ओळखीचे प्रश्न, त्यांची उत्तरं, जागांची वर्णनं, दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांचे अनुभव यांना कायमची जागा लागते. महिन्याभरात असे संदेश दहा-पंधराच निघाले तर फोरम, म्हणजे विषयवार चर्चेची स्वतःची वेबसाइट, उभारू नका. एक सामाईक कागदपत्र आणि फोटोंचा एक फोल्डर पुरेल. रोज दोनतीन धागे (एक प्रश्न आणि त्याखालची सगळी उत्तरं मिळून एक धागा) निघतील इतकं निघालं, तर पुढे वाचा.

एक गोष्ट इथेच ठरवून टाका. पक्ष्यांच्या संख्येच्या नोंदी ठेवायला कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेचं ई-बर्ड २००२ पासून आहे, फुकट आहे आणि त्या नोंदी संशोधकांपर्यंत पोहोचतात. ते काम आपल्या फोरमवर पुन्हा उभं करू नका. फोरम बोलण्यासाठी असतो, आकडे जिथे शोभतात तिथे जाऊ द्यावेत.

बाहेर पडायचा रस्ता

ऑर्कुट हे गूगलचं समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. त्यावरच्या मराठी समूहांत कविता, गड-किल्ले, पाककृती यांवर किती बोलणं झालं होतं, ते त्या काळातल्या माणसांना विचारा. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. याहू ग्रुप्सनं २०१९ च्या अखेरीस साठवलेला मजकूर काढून टाकला आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवाच थांबवली. फोटो साठवणाऱ्या फोटोबकेटनं २०१७ मध्ये दुसऱ्या साइटवर फोटो दाखवण्याचे नियम अचानक बदलले. जगभरच्या हजारो छंदफोरमवर जिथे फोटो होते तिथे एक सूचनेची पाटी उरली. मजकूर शाबूत होता, पण "वरच्या फोटोत पंखाची कड बघा" या वाक्याला अर्थ राहिला नाही.

म्हणून प्रत्येक पर्यायाला हे विचारा. सगळे धागे, सदस्यांची यादी आणि फोटो एकगठ्ठा उतरवून घेता येतात का? ते काम ॲडमिन स्वतः करू शकतो, की कंपनीकडे अर्ज करावा लागतो? उतरवलेलं दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतं का? फोटो आपल्याच सर्व्हरवर, म्हणजे साइट चालवणाऱ्या संगणकावर, राहतात, की दुसऱ्या कुठल्या सेवेवर?

या कसोटीवर फेसबुक ग्रुप आणि डिस्कॉर्ड माझ्या यादीतून गळतात. सोय उत्तम आहे, पण गटाचा सगळा साठा एका फाइलीत घेऊन निघायची वाट ॲडमिनच्या हातात नाही. शिवाय तिथलं बोलणं बाहेरच्या शोधात सहसा येत नाही. "ठाणे खाडी लहान रोहित ओळख" असं एखाद्या विद्यार्थ्यानं गूगलवर शोधलं तर गटातलं उत्तम उत्तर त्याला बहुधा दिसणार नाही.

उमेदवार

बाजारात नावं पुष्कळ आहेत. छंदगटापुरती चार-पाचच नीट बघावीत.

पीएचपीबीबी २००० सालापासून आहे. मुक्त स्रोत, फुकट, साध्या शेअर्ड होस्टिंगवरही (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवणारी स्वस्त सेवा) चालतं. रूप जुनं वाटतं, फोनवर ते नव्या सॉफ्टवेअरइतकं सहज नाही. पण माहितीचा साठा साध्या मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये असतो आणि जवळपास प्रत्येक नवं सॉफ्टवेअर पीएचपीबीबीतून माल उचलू शकतं. बाहेर पडायला याच्याइतका रुळलेला रस्ता क्वचितच दुसरा असेल.

डिस्कोर्स २०१३ मध्ये आलं. तेही मुक्त स्रोत. फोनवर छान चालतं, मेलला उत्तर दिलं तर ते थेट धाग्यात येऊन पडेल अशी सोय करता येते, आणि नव्या सदस्याला हळूहळू अधिकार देणाऱ्या विश्वासपातळ्या शून्यापासून चारपर्यंत आहेत. संपूर्ण बॅकअप ॲडमिनला एका बटणावर मिळतो आणि प्रत्येक सदस्य स्वतःचं लिखाण वेगळं उतरवून घेऊ शकतो. किंमत मोजावी लागते ती सर्व्हरच्या रूपात. शेअर्ड होस्टिंग चालत नाही. डॉकर (सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या सामानासह एका डब्यात चालवणारं साधन) बसवता येईल असा, किमान १ जीबी आणि शक्यतो २ जीबी रॅमचा स्वतंत्र सर्व्हर लागतो. मेलची व्यवस्थाही नीट लागते.

फ्लेरम हलकं आणि देखणं आहे, पीएचपीवर चालतं. पण लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी जोडण्यांमधून (इतरांनी लिहिलेल्या प्लगइनमधून) येतात, आणि एखादी जोडणी लिहिणारा माणूस थांबला की आपली सोयही थांबते. झेनफोरोला पैसे देऊन परवाना घ्यावा लागतो; मोठ्या, जुन्या फोरमना ते मानवतं. नोडबीबी चांगलं आहे, पण ते सांभाळायला नोड या प्रोग्रॅमिंगच्या प्रणालीची जाण असलेला माणूस गटात हवा.

माझी शिफारस अशी: गटात सर्व्हर सांभाळू शकणारा एक आणि त्याच्या पाठीशी दुसरा माणूस असेल तर डिस्कोर्स. तसं कुणी नसेल आणि पैसेही बेताचे असतील तर पीएचपीबीबी. दोन्हींची चाचणी प्रतिष्ठापना उभी करा आणि पुढची परीक्षा दोन्हींवर घ्या.

मराठीची परीक्षा

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत 'युनिकोड चालतं' एवढंच लिहिलेलं असतं. मराठी दिसणं आणि मराठी चालणं यांत फार अंतर आहे.

गटातले खरे संदेश घ्या, लिहिणाऱ्यांना विचारून, आणि साठ-सत्तर धागे चाचणीच्या फोरमवर घाला. मग शोधून बघा. मराठीत शब्द विभक्ती घेऊन येतो. बगळा, बगळ्याला, बगळ्यांचं. मासा, माशाला, माशांचा. 'बगळा' शोधल्यावर 'बगळ्यांचं सारंगागार' (घरट्यांची वसाहत) हा धागा येतो का? बहुतेक ठिकाणी येणार नाही. 'बगळ' एवढंच टाकल्यावर येतो का, ते बघा. शब्दाच्या सुरुवातीचा तुकडा जुळवणारं सॉफ्टवेअर मराठीत बरंच काम भागवतं, कारण आपले प्रत्यय शेवटी लागतात. 'मास'वरून 'माशाला' मात्र मिळणार नाही, तिथे दोनदा शोधावं लागतं हे सदस्यांना सांगून ठेवायचं.

पीएचपीबीबीच्या स्वतःच्या शोधयंत्रणेत मूळ सेटिंगनं ३ ते १४ अक्षरांचेच शब्द अनुक्रमित होतात, म्हणजे शोधाच्या यादीत घेतले जातात. संगणक स्वर-चिन्हं आणि हलन्त वेगळे मोजतो. त्याच्या हिशेबानं 'पक्षीनिरीक्षणासाठी' हा शब्द १८ अक्षरांचा होतो, म्हणजे तो शोधात येणारच नाही. ही मर्यादा ॲडमिनला वाढवता येते. वाढवली की अनुक्रमणिका नव्यानं बांधून घ्यायची. त्याच पानावर आणखी एक आकडा असतो: पाच टक्क्यांहून जास्त पोस्टमध्ये येणारा शब्द 'सर्वसामान्य' समजून वगळला जातो. पक्षीगटात 'पक्षी' हा शब्द त्यात पहिला जाईल. तो आकडा शून्य केला की हे वगळणं थांबतं.

पुढची खोच फार थोड्यांच्या लक्षात येते. 'दुसऱ्या', 'पाणथळीवरच्या साऱ्या' यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकित होतो. काही कळफलक खाली टिंब असलेला ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्रणेला ते वेगळे शब्द वाटतात. 'ॲ'चंही तसंच आहे. दोघांना वेगवेगळ्या फोनवर 'किनाऱ्यावर' आणि 'ॲप' हे शब्द टंकित करायला सांगा, एकानं धागा लिहावा, दुसऱ्यानं शोधावा. सापडलं नाही तर सॉफ्टवेअर बाद करायची गरज नाही. पण महत्त्वाच्या धाग्यांना टॅग लावायची शिस्त लागेल हे तेव्हाच कळतं.

टॅगचा विषय निघालाच आहे तर नावांचं बोलू. फ्लेमिंगोला कुणी रोहित म्हणतं, कुणी अग्निपंख, तर बरेच जण फ्लेमिंगोच म्हणतात. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि कुणालाही "असं लिहू नका" म्हणायचं नसतं. डिस्कोर्समध्ये टॅगला समानार्थी शब्द जोडता येतात: 'रोहित' हा मुख्य टॅग ठेवला आणि बाकी दोन त्याला जोडले की कुणी काहीही निवडलं तरी धागे एकाच जागी गोळा होतात. पक्षी, झाडं, फुलपाखरं यांच्या गटांसाठी ही एकच सोय इतकी मोलाची आहे की दोन पर्याय तुल्यबळ ठरले तर मी यावर निर्णय घेईन.

अक्षरमोजणीचा दुसरा परिणाम उत्तरांवर होतो. डिस्कोर्स मूळ सेटिंगनं २० अक्षरांहून लहान उत्तर स्वीकारत नाही आणि शीर्षक किमान १५ अक्षरांचं मागतं. "हो, तुतवारच" हे जाणकाराचं नेमकं उत्तर नाकारलं गेलं तर तो पुन्हा लिहायला येणार नाही. किमान मर्यादा ५ वर आणा.

मग दुवे. शीर्षक मराठीत असलं आणि दुव्यातही ते मराठीतच गेलं, तर व्हॉट्सॲपवर चिकटवताना एकेका अक्षराच्या जागी टक्केचिन्हांसह नऊ-नऊ चिन्हं उमटू शकतात. वीस अक्षरांच्या शीर्षकाचा दुवा पावणेदोनशे चिन्हांचा होतो आणि बघणाऱ्याला तो फसवा वाटतो. पीएचपीबीबीचे दुवे मुळातच क्रमांकाचे असतात. डिस्कोर्समध्ये दुव्यात शीर्षक घ्यायचं की नाही याची सेटिंग आहे. ती बंद करून फक्त क्रमांक ठेवा.

शेवटी डोळ्यांची परीक्षा. इंग्रजी नजरेसमोर ठेवून आखलेल्या पानांत ओळींमधलं अंतर कमी असतं, आणि 'राष्ट्रीय', 'वर्षीं' अशा शब्दांच्या मात्रा किंवा रफार वरून कापले जातात, उकार खालून. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे फुकट टंक लावून ओळींचं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवा. बटणांच्या भाषेबद्दल एवढंच सांगेन: सॉफ्टवेअरच्या भाषांच्या यादीत मराठी असली तरी ती बसवून बघा. अर्धी बटणं मराठी आणि अर्धी इंग्रजी असतील तर नवखा माणूस जास्त गोंधळतो. तेव्हा 'नवा धागा', 'उत्तर द्या', 'शोधा' अशी पाचपंचवीस महत्त्वाची वाक्यंच स्वतः बदलून घेतलेली बरी.

घरट्याची जागा कुणाला दिसावी

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. तिथे कधी जायचं, भरतीच्या वेळी पक्षी काठाजवळ कसे सरकतात, हे मोकळेपणानं लिहावं, जितकं लिहू तितकं चांगलं. पण येऊरच्या जंगलात अमुक झाडाच्या ढोलीत घुबडाची पिल्लं आहेत, हे सगळ्या जगाला दिसता कामा नये. फोटोसाठी गर्दी होते, पालक पक्षी घरटं सोडतात, आणि दिवाळीच्या सुमाराला घुबडांना अंधश्रद्धेपोटी पकडणारे असतातच. घुबडांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पण पत्ता आपणच उघड केला तर कायदा उशिरा पोहोचतो.

सॉफ्टवेअरकडून इथे दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे विभागवार परवानगी: घरट्यांचा विभाग फक्त जुन्या, ओळखीच्या सदस्यांनाच उघडेल आणि बाहेरच्या शोधयंत्रांना अजिबात दिसणार नाही. पीएचपीबीबी आणि डिस्कोर्स दोन्हीत हे होतं. दुसरं फोटोतलं लपलेलं ठिकाण. फोननं काढलेल्या फोटोच्या फाइलीत अक्षांश-रेखांश असू शकतात. डिस्कोर्समध्ये ही माहिती पुसून टाकणारी सेटिंग आहे. सेटिंग आहे म्हणून विश्वास ठेवू नका. फोनवर ठिकाण चालू करून घरासमोरच्या झाडाचा फोटो काढा, फोरमवर चढवा, दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्या आणि त्याच्या तपशिलात ठिकाण उरलंय का ते बघा. मूळ आकाराचा फोटो आणि लहान केलेला फोटो, दोन्ही तपासा.

शाळेतली मुलं सदस्य होणार असतील तर त्यांचा वेगळा विचार करा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. नोंदणीच्या अर्जात जन्मतारीख, पत्ता, फोन नंबर मागूच नका. नाव आणि मेल पुरतात. जी माहिती गोळाच केली नाही ती फुटणार नाही.

फोन आणि मेल

गटातल्या सर्वांत जुन्या फोनवर फोरम उघडून बघा. आमच्या गटात निवृत्त शिक्षक काका आहेत. त्यांना पाणपक्ष्यांची जितकी जाण आहे तितकी बाकी कुणाला नाही, आणि त्यांचा फोन बराच जुना आहे. त्यांना फोटो चढवता आला नाही तर त्या सॉफ्टवेअरचा उपयोग काय? डिस्कोर्स जुन्या ब्राउझरवर नीट चालत नाही, हे आधीच तपासून घ्या. आयफोनवर सूचना हव्या असतील तर आयओएस १६.४ किंवा नंतरची आवृत्ती लागते आणि फोरम होम स्क्रीनवर जोडावा लागतो.

मेलकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच नवे सदस्य गळतात. नोंदणी केली, पुष्टीचा मेल स्पॅममध्ये गेला, माणूस परत फिरला. बऱ्याच क्लाउड कंपन्या सर्व्हरवरून थेट मेल पाठवायचा २५ क्रमांकाचा मार्ग बंद ठेवतात, त्यामुळे मेल पाठवणारी वेगळी सेवा घ्यावी लागते. डोमेनच्या नोंदींत एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरोखर आपल्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या नोंदी) बसवा, मग जीमेल, रेडिफमेल आणि एखाद्या ऑफिसचा पत्ता अशा तीन ठिकाणी चाचणीचे मेल पाठवून ते इनबॉक्समध्येच येतात याची खात्री करा.

पैसे आणि किल्ल्या

खर्चाचा अंदाज फोटोंवरून बांधा. चाळीस सक्रिय सदस्यांनी आठवड्याला दहा-दहा फोटो टाकले आणि प्रत्येक फोटो १ एमबीवर आणला, तर वर्षाला साधारण २० जीबी होतात. तोच फोटो ५ एमबीचा राहिला तर १०० जीबी. म्हणून चढवतानाच फोटो लहान करणारी सोय असलेलं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं पैसे वाचवतं. पक्ष्याची ओळख पटवायला लांब बाजू २०४८ पिक्सेलची असली की पुरतं.

डोमेन, सर्व्हर आणि मेलसेवा मिळून छोट्या गटाला वर्षाला काही हजार रुपये लागतात. वर्षाची वर्गणी एकदाच, यूपीआयनं घ्या आणि हिशेब फोरमवरच सगळ्यांना दिसेल असा ठेवा. रिझर्व्ह बँकेचे स्वयंचलित कपातीचे नियम २०२१ मध्ये कडक झाल्यापासून परदेशी सेवांचं कार्डावरचं नूतनीकरण आपोआप होईल असं धरून चालता येत नाही. शक्य तिथे वर्षाचे पैसे एकदम भरा आणि मुदतीची आठवण दोन माणसांच्या कॅलेंडरमध्ये टाका.

किल्ल्यांबद्दल मी जरा आग्रहानं लिहितो, कारण चांगले फोरम सॉफ्टवेअरमुळे मरत नाहीत. डोमेन एकाच्या जुन्या मेलवर असतं, तो माणूस पुण्याला किंवा परदेशात जातो, मेल बंद पडतो आणि नूतनीकरणाची सूचना कुणालाच मिळत नाही. डोमेन, सर्व्हर, मेलसेवा आणि बॅकअप या चारही खात्यांसाठी गटाचा एक वेगळा मेलपत्ता करा, त्याला दोन पायऱ्यांची सुरक्षा लावा आणि आपत्कालीन कोड दोन घरांत कागदावर ठेवा. बॅकअप रोज आपोआप व्हावा, आणि त्याची एक प्रत सर्व्हर ज्या कंपनीकडे आहे तिच्या बाहेर असावी. तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर खरोखर उभा करून बघा. न उघडून बघितलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नये.

पंधरा दिवसांची चाचणी

दोन्ही उमेदवार उभे झाले की सात-आठ जणांना बोलवा. त्यात तंत्रज्ञानाची आवड असलेले दोनच असू द्या. बाकी: कमी लिहिणारी पण नेमकं लिहिणारी एखादी ताई, फक्त फोटो टाकणारा कॉलेजचा मुलगा, जुन्या फोनवाले काका, आणि व्हॉट्सॲप सोडायला नाखूश असलेला एक सदस्य. प्रत्येकाला तीनच कामं द्या: नोंदणी करून पहिला धागा टाकणं, दुसऱ्याच्या फोटोला उत्तर देणं, आणि आठवड्यापूर्वीचं एखादं उत्तर शोधून काढणं. कुणीतरी शेजारी बसून बघावं आणि मदत करू नये. माणूस कुठे थांबतो, कुठे "आता काय?" म्हणतो, ते लिहून घ्यावं. सूचना वाचून काम जमलं तर ते जमलं असं मी धरत नाही. दुसऱ्या दिवशी आठवणीवर जमायला हवं.

पंधरा दिवसांनी मत घ्याल तेव्हा "कोणतं आवडलं" असं विचारू नका. "यात उद्याही लिहाल का" असं विचारा.

सामान हलवणं

जुना फोरम असेल तर त्याच्या डेटाबेसची भाषासंकेतप्रणाली आधी तपासा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पुष्कळ ठिकाणी मराठी मजकूर लॅटिन संकेताच्या रकान्यांत कोंबलेला असतो. जुन्या पानावर तो बरोबर दिसतो, नव्या ठिकाणी नेला की प्रत्येक अक्षराच्या जागी परकी चिन्हं येतात. मायएसक्यूएलमधला नुसता 'यूटीएफ-८' हा प्रकारही एका अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात मावते, इमोजी मावत नाहीत आणि मजकूर तिथून तुटू शकतो. चार बाइटांचा प्रकार निवडूनच आयात करा. त्याहून जुना मजकूर श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या टंकांत असेल तर तो युनिकोड नसतो. त्याला आधी रूपांतर लागतं आणि नंतर माणसाच्या नजरेखालून काढावं लागतं.

पूर्ण आयात करण्याआधी शंभर धागे आणून बघा. तारीख, लेखकाचं नाव, फोटोंचा क्रम आणि उद्धृत मजकूर एवढं नीट आलं तरच पुढे जा. जुने दुवे नव्या धाग्यांकडे वळवायची सोय करा. लोकांनी ते कुठेकुठे जतन केलेले असतात.

व्हॉट्सॲपमधून आणायचं असेल तर सगळं ओतू नका. तिथली चॅट निर्यात ठरावीक संख्येपर्यंतचेच संदेश देते आणि त्यात लोकांचे फोन नंबर उघडे असतात. ओळखीची, जागांची, उपकरणांची उत्तम उत्तरं निवडा, लिहिणाऱ्याला फोन करून विचारा, आणि त्याच्याच नावानं धागा करा. तीस-चाळीस चांगले धागे आधीपासून असले की येणाऱ्याला जागा रिकामी वाटत नाही.

विभाग सुरुवातीला चारच ठेवा: ओळख, जागा, उपकरणं, गटाचं कामकाज. येऊर, उपवन, ऐरोली, कोलशेत, नेरुळ यांना वेगळे विभाग करायचा मोह आवरा. त्यासाठी टॅग आहेत. एखाद्या टॅगवर सतत बोलणं होऊ लागलं की मग त्याचा विभाग करता येतो.

पहिले तीन महिने दोघांनी रोज थोडा वेळ द्यायचा. व्हॉट्सॲपवर ओळखीचा प्रश्न आला की तिथे थोडक्यात उत्तर, आणि सविस्तर उत्तर फोरमवर लिहून त्याचा दुवा. तोच प्रश्न पुन्हा आला की नुसता दुवा. सॉफ्टवेअरच्या सुरक्षा-सुधारणा महिन्यातून एकदा ठरलेल्या रविवारी घालायच्या, त्याआधी बॅकअप घ्यायचा. आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस शोधपेटीत लोकांनी काय काय टाकलं आणि काय मिळालं नाही, ते बघायचं. डिस्कोर्समध्ये ही नोंद ॲडमिनला दिसते. न सापडलेल्या शब्दांतून पुढचे टॅग, त्यांचे समानार्थी शब्द आणि अजून कुणी लिहिलेच नाहीत ते धागे कळतात. तिथून पुढची यादी करा आणि कामं वाटून घ्या.